पाण्याने गिळलेली उष्णता

मे महिन्यात नागपूरहून मुंबईला येणारा माणूस गाडीतून उतरल्याबरोबर म्हणतो, "हुश्श, सुटलो एकदाचा!" आणि तासाभराने घामाने निथळत म्हणतो, "यापेक्षा आमचे नागपूर बरे." या दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, आणि दोन्हींचे कारण एकच आहे : पाणी. नागपूरला मे महिन्यातल्या दुपारचे तपमान सरासरीने ४२-४३ अंश सेल्सियस असते, मुंबईला ३३-३४. जानेवारीतल्या पहाटे उलट पाहा. नागपूरला १२-१३ अंश, तर कुलाब्याला १९ च्या आसपास. सूर्य तोच. बरे, मुंबई नागपूरच्या उत्तरेला आहे म्हणावे तर तेही नाही. उलट दोन अंश दक्षिणेलाच आहे. मग हा फरक कोठून आला? "समुद्रामुळे" असे उत्तर शाळेतले पोरही देईल. पण समुद्रामुळे म्हणजे नेमके कशामुळे, हे समजायला माणसाला फार काळ लागला, आणि ते समजले तेही समुद्राकाठी नव्हे, तर स्कॉटलंडमधल्या एका कॉलेजच्या थंडगार दालनात. ती हकीकत मी आज सांगणार आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध तसा शाळेपुरताच. तेव्हा हिशेब आले तर तेही शाळेतलेच असतील, वाचकांनी भिऊ नये.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वान लोकसुद्धा एका गोष्टीत घोटाळा करीत असत. तापमापकातला पारा जितका वर, तितकी पदार्थातली उष्णता जास्त, असे ते धरून चालत. उष्णता किती तीव्र आहे आणि उष्णता किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. आणि हसू नका, आपणही रोज हाच घोटाळा करतो. विडीचे टोक चुलीवरच्या हंड्यातल्या पाण्यापेक्षा किती तरी जास्त तापलेले असते, पण विडीवर कोणी आंघोळीचे पाणी तापवीत नाही.

या घोटाळ्याला पहिला धक्का दिला फॅरनहाइटने. तोच तापमापकवाला. हॉलंडमधला प्रसिद्ध वैद्य बोरहावे याच्यासाठी त्याने एक प्रयोग करून पाहिला. पारा आणि पाणी सारख्या मापाने घेतले, एक गरम, दुसरे थंड, आणि मिसळले. समजा, पाणी १०० अंशांवर आहे आणि पारा १५० वर (हे त्याचेच, म्हणजे फॅरनहाइटचे अंश). मिश्रण किती व्हावे? मधोमध, १२५. प्रत्यक्षात आले १२०. म्हणजे पाऱ्याने ३० अंश गमावले आणि पाणी चढले अवघे २०. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड; तेव्हा विद्वानांच्या समजुतीप्रमाणे पाऱ्याने बाजी मारायला हवी होती. बोरहावेने आपल्या १७३२ सालच्या ग्रंथात हे प्रयोग नोंदवले, पण त्यातला अर्थ काही त्याच्या हाती लागला नाही. आकडे पुस्तकात पडून राहिले. इतिहासात असे फार होते. पुरावा समोर असतो, विचारणारा नसतो.

तो विचारणारा पुढे निघाला. त्याचे नाव जोसेफ ब्लॅक. याचा जन्म १७२८ सालचा, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला. बाप दारूचा व्यापारी. १७५६ मध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात तो अध्यापक झाला. प्रकृतीने तोळामासा, बोलणे हळू, लिहिण्याचा मोठा कंटाळा. त्याने ते जुने आकडे पाहिले आणि म्हटले, पाण्याची उष्णता पोटात घेण्याची ताकदच निराळी आहे. ज्या उष्णतेने पारा ३० अंश चढावा, तिने पाणी २० च चढते. फॅरनहाइटचे माप थोडे ढोबळ होते. आज काटेकोर मोजले तर वजनास वजन घेऊन पाणी पाऱ्याच्या तीस पट उष्णता गिळते. कोरड्या माती-खडकाशी तुलना केली तर सुमारे पाच पट. याला आपण विशिष्ट उष्णता म्हणतो. आता नागपूरच्या काळ्या जमिनीवर आणि मुंबईच्या समुद्रावर सारखेच ऊन पडले तर काय होईल, हे सांगायला नकोच. शिवाय जमीन तापते ती वरचे वीतभर. समुद्रात ऊन खोलवर शिरते आणि लाटा ते ढवळून आणखी खाली नेतात. तापायला उशीर, निवायलाही तितकाच उशीर. १६८६ साली एडमंड हॅले याने, त्याच धूमकेतूवाल्या हॅलेने, मोसमी वाऱ्यांवर निबंध लिहून सूर्याच्या उष्णतेशी त्यांचे नाते जोडले होते. पण जमीन आणि पाणी तापण्यात इतका फरक का, याचे माप ब्लॅकपासून पुढे मिळू लागले.

पण ब्लॅकचा खरा शोध पुढेच आहे, आणि तो मला त्याच्या काळातल्या पुष्कळ लढाया आणि तहांपेक्षा मोठा वाटतो.

त्या काळी सगळे मानत की बर्फ वितळण्याच्या बिंदूपर्यंत एकदा आला की किंचितशी उष्णता लागताच त्याचे पाणी व्हायचे. ब्लॅकच्या मनात आले, हे खरे असते तर काय झाले असते? डोंगरावर हिवाळाभर साचलेला बर्फ वसंतातल्या पहिल्याच उबदार दिवशी एकदम पाणी होऊन खाली कोसळला असता आणि दऱ्याखोऱ्यांतली गावे वाहून गेली असती. तसे होत नाही. ऊन पडू लागल्यावरही बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतो, थोडा थोडा झिरपतो. मग इतके दिवस त्याला मिळणारी उष्णता जाते कोठे?

हे पाहण्यासाठी १७६१ च्या डिसेंबरात त्याने जो प्रयोग केला, त्याला लागलेले सामान बघा : पातळ काचेचे दोन गोळे, चार चार इंच व्यासाचे, प्रत्येकात पाच औंस पाणी, एक तापमापक, आणि एक मोठे दालन, ज्यात हिवाळ्यातही शेकोटी पेटत नसे. बस्स. एका गोळ्यातले पाणी त्याने गोठवले. दुसऱ्यातले नुसते गार केले, ३३ अंशांपर्यंत. ३२ ला गोठते, म्हणजे गोठण्याच्या अगदी उंबरठ्यावर आणून ठेवले. मग दोन्ही गोळे दीड फुटाच्या अंतराने त्या दालनात टांगले. दालनातली हवा ४७ अंश. दोघांना मिळणारी ऊब सारखी. पाण्याचा गोळा अर्ध्या तासात ३३ वरून ४० वर आला, म्हणजे सात अंश चढला. आता बर्फाचा गोळा ४० वर यायला किती वेळ लागावा? जुन्या समजुतीने फार तर पाच-दहा मिनिटे जास्त. लागले साडेदहा तास!

साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासाला सात अंशांइतकी उष्णता, म्हणजे एकूण १४७. त्यांतले आठ अंश शेवटी पाणी ३२ वरून ४० वर चढण्यात गेले. उरलेले १३९ गेले कोठे? तापमापकात ते नव्हते. गोळ्याला हात लावून कळत नव्हते. बर्फाचे पाणी होताना ते पाण्याने गिळले होते. ब्लॅकने त्याला नाव दिले सुप्त उष्णता. दडून बसलेली, पण नाहीशी न झालेली. कारण तेच पाणी पुन्हा गोठले की ती सगळी परत बाहेर येते. आज सर्व साधनांनिशी मोजून हा आकडा १४४ येतो. दोन काचेचे गोळे आणि एक तापमापक एवढ्यावर त्याने १३९ काढले! मला हा आकडा वर्गात सांगताना दर वेळी थोडे थांबावेसे वाटते. दुसऱ्या रीतीने, म्हणजे बर्फ गरम पाण्यात टाकून, त्याने मोजले तेव्हा तर तो १४३ पर्यंत पोहोचला होता.

१७६२ च्या एप्रिलमध्ये ग्लासगोच्या एका विद्वन्मंडळासमोर त्याने हे वाचून दाखवले, त्याच वर्षी उकळत्या पाण्याची वाफ होतानाही अशीच आणि याहून किती तरी जास्त उष्णता दडते हे दाखवले, आणि छापले मात्र काहीच नाही. वर्षानुवर्षे तो विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला. हस्तलिखित टिपणांवरून बातमी युरोपभर पसरली. स्वीडनमध्ये विल्के याने १७७२ मध्ये बर्फाची सुप्त उष्णता स्वतंत्रपणे शोधून छापलीसुद्धा. ब्लॅकची व्याख्याने पुस्तकरूपाने आली ती १८०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्याचा शिष्य रॉबिसन याच्या खटपटीने. हा मनुष्य मेला कसा तेही सांगतात : जेवणाच्या टेबलाशी बसला होता, हातातला दुधाचा पेला गुडघ्यावर टेकलेला, प्राण गेला पण थेंबभर दूध सांडले नाही. अशा माणसाला गोळ्यातल्या पाण्याचा हिशेब चुकला नाही यात नवल काय!

ग्लासगोच्याच कॉलेजात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॅट नावाचा एक तरुण होता. थोड्याशा वाफेने तिच्या सहापट पाणी उकळीला येते हे पाहून तो चक्रावला आणि ब्लॅककडे गेला. ब्लॅकने उलगडा केला. पुढचे वाफेच्या यंत्राचे पुराण सर्वांना ठाऊक आहे, ते मी येथे लावीत नाही.

मला त्याऐवजी १७७५ सालाबद्दल सांगायचे आहे. त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन चमत्कारिक लेख आले. पहिला डॉक्टर ब्लॅग्डन याचा. तो आणि त्याचे मित्र एका तापवलेल्या खोलीत शिरले. खोली कसली, भट्टीच. तिथले तपमान त्यांनी २६० अंश फॅरनहाइटपर्यंत नेले, म्हणजे पाणी उकळण्याच्या बिंदूच्याही ४८ अंश वर. ब्लॅग्डन आत आठ मिनिटे राहून धडधाकट बाहेर आला. त्याच हवेत ठेवलेली अंडी घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजून कोरडा पडला, आणि माणूस मात्र शिजला नाही! आणखी गंमत अशी, की त्या खोलीत ठेवलेले भांडेभर पाणीही उकळेना. मग त्यांनी त्यात थोडे तेल टाकले. तेलाचा पातळ पापुद्रा वर पसरला, वाफ कोंडली, आणि पाणी खळखळून उकळू लागले. तोवर पाणी आपल्याच वाफेने निवत होते. तसाच माणूस आपल्या घामाने. उकळत्या पाण्याची वाफ होताना, तेच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत आणायला लागेल त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता ते गिळते. आणि कातडीवरचा घाम सुकतो तेव्हा त्याहूनही थोडी जास्तच. आपला माठ हेच करतो, वाळ्याचे पडदे हेच करतात, तापकऱ्याच्या कपाळावरची ओली घडी हेच करते. हे तेल टाकून पाहिलेले पाणी मात्र लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

दुसरा लेख सर रॉबर्ट बार्कर याचा, आणि तो आपल्या देशाविषयी आहे. अलाहाबादेस राहत असताना त्याने पाहिले, की तेथे हिवाळ्यात बर्फ तयार करतात. जेथे तळ्यातले पाणी कधी गोठत नाही, तेथे! उघड्या माळावर सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे. तळाशी वीतभर जाडीचा उसाच्या चिपाडांचा किंवा मक्याच्या ताटांचा थर. त्यावर कच्च्या, सच्छिद्र मातीचे परळ ओळीने मांडलेले, जेमतेम सव्वा इंच खोल. दिवस मावळताना त्यांत उकळून निववलेले पाणी भरायचे आणि सूर्य उगवण्यापूर्वी बर्फ गोळा करायचा. मग तो चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात, गवत आणि जाडीभरडी घोंगडी यांच्यामध्ये, ठोकून ठोकून दडपून ठेवायचा. म्हणजे तो उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मोगलांना शोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करण्याची कला माहीत होती, डोंगरातला बर्फ लाहोरला येत असे, हे ऐने-अकबरीत आहेच. पण मैदानात बर्फ पिकवणे ही त्यापुढची पायरी.

हा बर्फ होतो कसा, याचे नीट उत्तर विल्यम वेल्स याच्या दवावरील १८१४ सालच्या निबंधात आले. निरभ्र रात्री पाण्यातली उष्णता वर आकाशाकडे निघून जाते. खालून जमिनीची ऊब यावी तर मध्ये चिपाडे. आणि परळ उथळ का, हे वाचकांनी ब्लॅकचे गोळे आठवून स्वतःच ताडावे. हातभर खोल पाणी घेतले तर त्याच्या पोटातली उष्णता एका रात्रीत बाहेर पडणे अशक्य. सव्वा इंच हे माप कोण्या प्रयोगशाळेत ठरलेले नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या थंडीत कुडकुडत पाणी भरणाऱ्या माणसांनी ठरवले होते. ब्लॅकचे नाव राहिले, बार्करचे राहिले, वेल्सचेही राहिले. त्या बर्फवाल्यांतल्या एकाचेही नाव बार्करने दिलेले नाही, आणि आम्हा इतिहासवाल्यांनी तरी कधी हळहळ केली? त्यांनी लिहिले नाही हे खरे. पण ब्लॅकनेही लिहिले नव्हते. त्याला रॉबिसन मिळाला, यांना नाही, एवढाच काय तो फरक.

या बर्फवाल्यांचा धंदा बुडवला तो एका अमेरिकन व्यापाऱ्याने. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर १८०६ पासून तळ्यांतला बर्फ कापून वेस्ट इंडिजकडे धाडीत होता. लोक त्याला वेडा म्हणत. १२ मे १८३३ रोजी त्याचे 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले कलकत्त्याला! शिडाचे जहाज, चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे. सप्टेंबरात ते पोहोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लाकडाच्या भुशाची करामत होतीच. पण खरी राखण केली ती ब्लॅकच्या सुप्त उष्णतेने. हिशेब करून पाहा. वाटेत ८० टन वितळला. एक टन बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्यात एक टन पाणी ८० अंश सेल्सियस चढते. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे. बर्फाला जर वितळताना काहीच गिळावे लागले नसते, तर हीच उष्णता सगळ्या १८० टनांवर वाटली जाऊन माल ३५ अंशांपर्यंत तापला असता. थोडक्यात, ट्यूडरसाहेबांनी कलकत्त्याच्या धक्क्यावर बोस्टनचे कोमट पाणी उतरवले असते.

१८३४ मध्ये बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जिजीभाईंच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिले गेले आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसे झाले, असे त्या वेळच्या गुजराती पत्राने लिहिले म्हणून सांगतात. पुढे गोदीजवळ घुमटाचे बर्फघर उभे राहिले. ते विसाव्या शतकात पाडले गेले. मद्रासचे १८४२ चे बर्फघर मात्र समुद्राकाठी अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. यंत्राने बर्फ होऊ लागला तसा ट्यूडरचाही धंदा बसला. बर्फवाल्यांना बुडवणारा स्वतः बुडाला, पण त्यामुळे अलाहाबादचे परळ काही परत आले नाहीत.

डोंगरावरच्या बर्फाचा ब्लॅकचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्याच, भीषण निमित्ताने पुन्हा निघाला. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचा प्रमुख ब्लॅनफर्ड याच्याकडे सरकारने विचारणा केली, पाऊस आधी सांगता येईल काय? ब्लॅनफर्डने हिमालयाकडे बोट दाखवले. १८८४ च्या निबंधात त्याने मांडले, की वसंतात तेथे बर्फ जास्त साचला तर मोसमी पाऊस ओढ देतो. बर्फ ऊन परतवतो, आणि जे उरते ते वितळण्यात खर्ची पडते; जमीन तापायला उशीर होतो आणि समुद्रावरून वारा ओढून आणण्याचा तिचा जोर कमी पडतो. १८८६ पासून या आधारावर पावसाचे अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. पुढे हा संबंध वाटला तितका सरळ नाही असे दिसून आले. पण भुकेल्या खेड्यांचा प्रश्न आणि ग्लासगोच्या दालनातला तो गोळा एका धाग्यात आले, ते येथे.

आता समुद्राकडे परत येऊ. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचे वजन सुमारे दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतके आहे, हे सतराव्या शतकातच कळले होते. वजनास वजन घेतले तर हवेला तापायला पाण्याच्या चौथा हिस्साच उष्णता लागते. म्हणजे समुद्राचा वरचा अवघा अडीच मीटर थर साऱ्या वातावरणाइतकी उष्णता पेलतो. आणि समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून जास्त आहे. कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवून ठेवली आहे, तिचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्राने पोटात घेतला आहे, असे आजची मोजमापे सांगतात. हवेचा ताप त्यामुळे आपल्याला अजून कमीच जाणवतो आहे. पण ब्लॅकच्या गोळ्यातली उष्णता जशी नाहीशी झाली नव्हती, तशी हीही झालेली नाही. तापलेल्या समुद्राचे पाणी फुगते, किनाऱ्यावर चढते, वादळांना बळ देते.

राहिला आपला नागपूरचा पाहुणा. मुंबईला आल्यावर त्याला प्रथम बरे का वाटले ते सांगितले. तासाभराने तो का कुरकुरला ते सांगायचे राहिले. समुद्राने मुंबईची हवा थंड ठेवली, पण ती वाफेने भरूनही टाकली. अशा हवेत घाम फुटतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम उष्णता नेत नाही. ब्लॅग्डनच्या भांड्यातल्या पाण्यावर तेल टाकावे तसाच हा प्रकार. म्हणून नुसता तापमापक पाहून भागत नाही. दुसरा एक तापमापक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात; त्याला ओला तापमापक म्हणतात. त्याचा पारा जितका वर, तितका घाम निकामी. तो ३५ अंशांवर गेला, तर सावलीत, पंख्याखाली, नुसत्या बसलेल्या धडधाकट माणसाचे शरीरही काही तासांत हार खाते. उन्हातान्हात ओझी वाहणाऱ्याला तर त्याच्या बरेच खालीसुद्धा धोका असतो. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात तपमानाच्या शेजारी आर्द्रतेचाही आकडा छापतात. आपण तो सहसा वाचत नाही. यंदाच्या मे महिन्यात तोही वाचून पाहा.